घर केवढें असावें?

खेड्यांतील मनुष्य नवें घर बांधण्याचें मनांत आणतो, तेव्हां तो प्रथम गवंड्याकडे जात नाहीं. प्रथम तो शेजाऱ्याच्या नव्या घराकडे पाहतो. शेजाऱ्याचें जोतें तीन फूट असेल तर आपलें चार फूट असावें, त्याच्या ओट्यास दोन खांब असतील तर आपल्या ओट्यास चार असावे, असा विचार न कळत मनांत येतो. पुढें गवंडी येतो, दोरी धरली जाते, आणि फक्कीच्या पांढऱ्या रेघा जमिनीवर उमटतात. ह्या सर्व गडबडींत एक प्रश्न बहुधा विचारावयाचा राहून जातो. तो असा कीं, ह्या घरांत माणसें किती राहणार, आणि तीं तेथें काय करणार?

हा प्रश्न केवळ सोयीचा नसून नीतीचाहि आहे, असें आमचें मत आहे. "ज्याचा पैसा त्याचें घर, त्यांत दुसऱ्याचें काय गेलें?" असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु घर हें नदीच्या वाळूचें, डोंगराच्या दगडाचें, शेताच्या मातीचें, परक्याच्या घामाचें आणि पुष्कळदां सावकाराच्या पैशाचें बनतें. ह्यांतील एकहि वस्तु सर्वस्वीं आपली नसते. म्हणून "माझें घर" हे शब्द उच्चारतांना मनुष्यानें जरा थांबावें, एवढेंच प्रथम सांगणें आहे.

घराचें माप कशानें ठरवावें, ह्याचा निर्णय आपल्या महाराष्ट्रांत एकदां सरकारासच करावा लागला होता. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासचीं गांवें क्षणांत जमीनदोस्त झालीं व हजारों माणसें झोपेंतच मृत्यु पावलीं. पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. तेथें द्यावयाचीं घरें तीन मापांचीं ठरलीं: २५० चौरस फूट, ४०० चौरस फूट आणि ७५० चौरस फूट. ज्यास जमीन नाहीं किंवा एक हेक्टरपर्यंतच आहे त्यास पहिलें. ज्याची जमीन सात हेक्टरांपर्यंत त्यास दुसरें. आणि ज्याची त्याहून अधिक त्यास तिसरें.

ह्या योजनेचें समर्थन करतां येत नाहीं असें नाहीं. मोठ्या शेतकऱ्यास अवजारें, बीबियाणें, धान्य ठेवावयास जागा लागते. आणि ज्यांच्या बापजाद्यांनीं पक्क्या भिंती पाहिल्या नव्हत्या त्यांसहि ह्या वेळीं पक्कें घर मिळालें, हें लहान उपकार नव्हे. तथापि विचार करा. भूमिहीन घरांत आठ माणसें असलीं तरी त्यांस अडीचशें फूट, आणि मोठ्या जमीनदाराच्या घरांत दोनच माणसें उरलीं असलीं तरी त्यांस साडेसातशें! माणसें किती हें न विचारतां जमीन किती हें विचारलें गेलें. ह्याचा दोष कोणा एका अधिकाऱ्यास देणें व्यर्थ आहे. कारण त्यांच्या हातांत जो गज होता, तोच गज आपल्या सर्वांच्या डोक्यांत असतो. घर म्हणजे ऐपतीचें माप, असें आपण धरून चाललों आहों. घर म्हणजे गरजेचें माप, असें धरलें असतें तर फक्कीच्या रेघा निराळ्या ठिकाणीं पडल्या असत्या.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो हलका समजूं नये. कोणी बंधु म्हणेल: "आमचे आजे गांवकुसाबाहेर खोपटांत राहिले. तें खोपट त्यांनीं निवडलें नव्हतें. त्यांच्यावर लादलें होतें. आज मुलगा मास्तर झाला, चार पैसे हातीं आले, आतां कोठें आम्हीं मान वर करून घर बांधावयास निघालों, तों तुम्हीं सांगतां कीं लहान घर चांगलें! हें शहाणपण इतकीं वर्षें वाड्यांतल्या लोकांस कां नाहीं सांगितलें?"

ह्या म्हणण्यांतील अक्षर न् अक्षर खरें आहे. डॉ. आंबेडकर यांनीं खेड्यांतील अलिखित कायद्याचें वर्णन केलें आहे. त्यांत अस्पृश्यानें आपल्या घरावर कौलें घालणें हाहि एक अपराध गणला जाई असें त्यांनीं नमूद केलें आहे. ज्या समाजांत कौल हें अपराधाचें कारण होतें, तेथें कौल हें नुसतें छप्पर राहत नाहीं. तें पहिल्यानें चढविणारा मनुष्य पावसापासूनच नव्हे, तर अपमानापासूनहि आपल्या मुलांचें रक्षण करतो. त्यास हंसण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. स्वतः डॉ. आंबेडकरांनीं १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत दादरच्या हिंदु कॉलनींत राजगृह बांधलें, तें कांहीं खोपट नव्हतें. परंतु त्या घराच्या मोठेपणास एक कारण होतें. त्यांस पुस्तकें ठेवावयाचीं होतीं, आणि तीं हजारोंनीं होतीं. घर केवढें बांधावें हें तेथें ग्रंथांनीं ठरविलें, शेजाऱ्यानें नव्हे.

म्हणून "लहान" हा आमचा शब्द नव्हे. आमचा शब्द "पुरेसें" हा आहे. ज्या घरांत वयांत आलेल्या मुलीस न्हाण्यास आडोसा नाहीं, बाळंतिणीस निवांत कोपरा नाहीं, शाळेच्या मुलास दिव्याखालीं बसावयास जागा नाहीं, तें घर साधें नव्हे. तें अपुरें आहे, आणि त्यास वाढविणें हेंच धर्माचें काम. सरकारच्या २०१६ पासूनच्या ग्रामीण घरकुल योजनेंत घराचें किमान माप २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारें २७० चौरस फूट धरलें आहे, व त्यांत स्वयंपाकाची जागा असावी असें म्हटलें आहे. पांच-सहा माणसांच्या कुटुंबास हें फार आहे असें कोण म्हणेल? साधेपणाचा उपदेश प्रथम त्यास करावा, ज्यास निवड करण्याची मोकळीक मिळाली आहे. परंतु ती मोकळीक आज आपल्यांतील पुष्कळांस मिळूं लागली आहे, हेंहि कबूल केलें पाहिजे; आणि ज्यास निवड आली त्यास जबाबदारीहि आली.

ती जबाबदारी कोणाच्या प्रति? यिर्मया संदेष्ट्यानें यहोयाकीम राजाच्या प्रशस्त वाड्याचा धिक्कार केला, हें आपणांस ठाऊक आहे. गंधसरूची तक्तपोशी आणि तांबडा रंग ह्यांचा तो उल्लेख करतो खरा. परंतु त्याचा पहिला आरोप वाड्याच्या लांबीरुंदीविषयीं नाहीं. राजानें शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेतलें, त्याची मजुरी बुडविली, हा तो आरोप आहे. आतां आपल्या वीटभट्टीकडे पाहावें. हंगामाच्या आधीं मुकादम गांवांत येऊन उचल देतो; ती फेडण्यासाठीं नवरा-बायको लेंकरांसह भट्टीवर जातात; महिनेच्या महिने माती तुडवून, विटा थापून व वाहून त्या उचलीचा हिशेब फिटत नाहीं, आणि मुलांची शाळा सुटते ती सुटतेच. आपल्या मंडळींतील कांहीं कुटुंबें ह्या वाटेनें गेलेलीं आहेत. त्यांस हें समजावून सांगावयास नको. दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच अशी एक खोली नऊ इंची भिंतीची बांधावयाची तर दारेंखिडक्या न वगळतां सुमारें साडेचार हजार विटा लागतात. वर्षांतून दोनदां उघडणाऱ्या दिवाणखान्यासाठीं ह्या विटा कोणाच्या तरी मुलानें वाहिलेल्या असतात.

वाळूचीहि तीच कथा. नदीच्या पात्रांतील वाळू ही निरुपयोगी पडलेली वस्तु आहे असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक ती नदीची कणगी आहे. पावसाळ्याचें पाणी तींत मुरून राहतें व उन्हाळ्यांत कांठच्या विहिरींस पुरविलें जातें. वाळू उपसली कीं पात्र खोल जातें, आणि त्याबरोबर विहिरीचें पाणीहि खालीं जातें. सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं असा निर्णय दिला कीं, पांच हेक्टरांहून लहान क्षेत्रांतून वाळूसारखीं गौण खनिजें काढावयाचीं असलीं तरी पर्यावरण खात्याची संमति घेतली पाहिजे. निर्णय चांगला आहे. परंतु रात्रीच्या वेळीं नदीवर जे ट्रॅक्टर जातात ते न्यायालयासाठीं जात नसतात. ते कोणाच्या तरी स्लॅबसाठीं जातात.

सिमेंटाविषयीं थोडें सांगून पुढें जाऊं. तें चुनखडी भाजून करतात. भाजण्यासाठीं जो कोळसा जळतो त्याचा धूर तर निघतोच, पण खुद्द त्या दगडांत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड वायुहि मोकळा होतो. आणि दगडांतून निघणारा हा भाग जळणाच्या भागाहून मोठा असतो. जगांत मनुष्याच्या उद्योगानें हा वायु जेवढा हवेंत जातो, त्यांत शेंकडा सात ते आठ भाग एकट्या सिमेंटाचा आहे. ह्याच वायूनें पृथ्वीचें ऊन वाढत आहे व पाऊस बेभरंवशाचा होत आहे. त्याचा पहिला तडाखा ज्यास बसतो तो कोरडवाहू शेतकरी. सिमेंट मुळींच वापरूं नये असें येथें म्हणावयाचें नाहीं. जितकें लागतें तितकेंच वापरावें, एवढेंच.

मोठ्या घराची हांव ही कांहीं आपल्याच देशाची खोड नव्हे. अमेरिकेंत १९५० च्या सुमारास नवें घर सरासरीनें हजार चौरस फुटांच्या आंत असे. २०१५ च्या सुमारास तें अडीच हजारांच्या आसपास गेलें. आणि ह्या अवधींत घरांतील माणसें मात्र कमी झालीं. भिंती व खिडक्या पूर्वीपेक्षां चांगल्या होऊन दर फुटामागें ऊबेचा जो खर्च वांचला, त्यांतील बराच भाग ह्या वाढलेल्या फुटांनीं गिळला.

आतां कर्जाचा हिशेब. समजा, एका बंधूनें घरकुलाच्या मदतीवर भर म्हणून तीन लाख रुपये शेंकडा दोन रुपये दरमहा अशा व्याजानें काढले. वर्षाचें व्याज झालें बहात्तर हजार. तीन वर्षें मुद्दल फिटलें नाहीं तर दोन लाख सोळा हजार नुसत्या व्याजांत गेले, आणि मुद्दल आहे तेथेंच आहे. ह्या पैशांत मुलीचें परिचारिकेचें शिक्षण झालें असतें. शिवाय आपल्या काळ्या जमिनीची एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. ही जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. म्हणून पाया खालीं मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. जोतें जेवढें लांबरुंद, तेवढा हा न दिसणारा खर्च वाढतो. पुष्कळ मोठीं घरें अर्ध्यावर उभीं राहिलेलीं दिसतात, गजांचीं टोकें गंजत आकाशाकडे पाहत असतात, तीं बहुतेक ह्याच हिशेबाचीं बळी होत.

ह्या विषयावर बोलण्यास ज्याचा खरा अधिकार होता अशा एका मनुष्याची हकीकत थोडी विस्तारानें देतों. लॉरी बेकर हा १९१७ सालीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें जन्मला. तो क्वेकर पंथाचा असून शिक्षणानें वास्तुशिल्पज्ञ होता. दुसऱ्या महायुद्धांत त्यानें चीन देशांत जखमींची व रोग्यांची शुश्रूषा केली. परत जातांना जहाजाची वाट पाहत तो मुंबईस थांबला असतां त्याची महात्मा गांधींशीं भेट झाली. खेड्यांतील घर हें आसपासच्या पांच मैलांत मिळणाऱ्या साहित्याचें असावें, हा गांधींचा विचार त्याच्या मनांत जो बसला तो कायमचा. तो १९४५ सालीं पुनः हिंदुस्थानांत आला, तो कुष्ठरोग्यांमध्यें काम करणाऱ्या मिशनच्या चाकरींत. नवीं औषधें निघाल्यामुळें कुष्ठरोग्यांस कोंडून ठेवणाऱ्या जुन्या आश्रमांचें खऱ्या रुग्णालयांत रूपांतर करावयाचें होतें, आणि पैसा थोडा होता. पुढें १९४८ सालीं डॉ. एलिझाबेथ जेकब ह्यांच्याशीं त्याचा विवाह झाला, व तें दांपत्य हिमालयांत पिठोरागड येथें सोळा वर्षें राहून रोग्यांची सेवा करीत होतें. तेथील डोंगरी लोकांचीं घरें पाहून आपल्या पुस्तकी विद्येचें पुष्कळसें ओझें तेथें निरुपयोगी आहे असें त्यास आढळून आलें. दगड, माती व लांकूड कसें वापरावें हें त्या लोकांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतें.

नंतर तो केरळांत गेला व अखेरपर्यंत, म्हणजे १ एप्रिल २००७ रोजीं मृत्यु येईपर्यंत, तेथेंच राहिला. श्रीमंत, मध्यम, कोळी, सर्वांचीं घरें त्यानें बांधलीं. त्याचा नियम असा कीं, प्रत्येक वस्तूस विचारावें, तूं हवीस काय? गिलाव्यावांचून वीट उभी राहत असेल तर गिलावा कशास? खिडकीच्या जागीं विटांचीच जाळी ठेविली तर वारा, उजेड व सुरक्षितपणा तिन्ही साधतात; मग चौकट व गज कशास? भिंत बांधतांना तो विटा आडव्या न ठेवतां उभ्या कडेवर ठेवी, त्यामुळें मध्यें पोकळी राहते. ह्या रचनेस इंग्रजींत उंदराच्या सापळ्यावरून नांव पडलें आहे. नांव कसेंहि असो, तिनें सुमारें चौथाई विटा वांचतात, आणि पोकळींतील हवेमुळें उन्हाची झळ आंत कमी येते. वर सांगितलेल्या खोलीच्या साडेचार हजार विटांतील अकराशें विटा वांचल्या, हें ध्यानांत घ्यावें. स्लॅबच्या खालच्या अंगास जेथें काँक्रीटाचें काम नसतें तेथें तो टाकाऊ मंगलोरी कौलें घाली. त्यानें सिमेंट व लोखंड वांचून छतहि हलकें होई. त्याचें स्वतःचें घर तिरुवनंतपुरम् येथील खडकाळ उतारावर आहे. तें एकदम मोठें बांधलें नाहीं. गरज लागेल तसतसें वाढत गेलें.

ही शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण घर बांधतों तें वीस वर्षांनंतर होणाऱ्या लग्नासाठीं, न आलेल्या पाहुण्यांसाठीं, न जन्मलेल्या नातवांसाठीं. आणि तें मुलें पुण्यामुंबईस जाऊन राहिल्यावर म्हातारा-म्हातारी झाडीत बसतात. आज दोन खोल्या बांधाव्या, व जोड देण्यास एक बाजू मोकळी ठेवावी, ह्यांत कमीपणा तो कोणता? गांधीजी १९३६ सालीं वर्ध्याजवळील शेगांवास, म्हणजे पुढच्या सेवाग्रामास, राहावयास गेले, तेव्हां झोंपडीचा खर्च १०० रुपयांच्या वर जाऊं नये असें त्यांनीं कळविलें होतें. माती, बांबू व कौलें ह्यांची ती कुटी आजहि लोक पाहावयास जातात.

परंतु येथें एक इशारा दिला पाहिजे, नाहीं तर हा लेख अर्धवट होईल. जुनें तें सर्व चांगलें व माती तेवढी पवित्र, असें मानणें हीहि एक भूलच. किल्लारीच्या बाजूस जीं माणसें चिरडलीं गेलीं, त्यांतील बहुतेक जुन्या पद्धतीच्याच घरांत निजलीं होतीं. त्या घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड, पण गोट्यांच्या व मातीच्या. दोन्ही अंगांस सांधणारे लांब दगड त्यांत नव्हते. वर माळवद. पावसाळ्यापूर्वीं गळती थांबविण्यासाठीं त्यावर दरसाल पांढऱ्या मातीचा नवा थर पसरावयाचा. जुना काढावयाचा नाहीं. असें बापानें केलें, मुलानें केलें, आणि डोक्यावरचें ओझें वाढत गेलें. धक्का बसतांच भिंती फुटल्या, व तें सर्व खालीं आलें. पुष्कळ ठिकाणीं आंतले लांकडी खांब उभेच राहिले. हलक्या छपरांच्या झोंपड्यांस त्या मानानें फारशी इजा झाली नाहीं. तेव्हां घर स्थानिक साहित्याचें असावें, हें जितकें खरें, तितकेंच छप्पर हलकें असावें, भिंतीस जोत्यावर, खिडकीच्या व दाराच्या माथ्यावर आणि छपराखालीं सलग पट्टा असावा, हेंहि खरें. येथें सिमेंट व लोखंड जरूर वापरावें. दिवाणखान्याचे दोन खांब कमी केले तर ह्या पट्ट्याचा खर्च त्यांतच निघतो.

पत्र्याविषयीं पुष्कळ वाचक विचारतील. पत्रा हलका आहे व स्वस्तहि आहे, पण वैशाखांत त्याखालीं बसवत नाहीं. उघडा स्लॅबहि दिवसभर तापून रात्रभर उष्णता सोडीत राहतो. मग पंखा, कूलर व विजेचें बिल ह्यांची रांग लागते. कौलें, किंवा पत्र्याखालीं बांबूची चटई व मध्यें थोडी पोकळी, आणि पश्चिमेच्या भिंतीस सांवली देणारा एक लिंब, ह्यांनीं बरेंच काम होतें. लिंबाचें रोप घराच्या पायाआधींच लावून ठेवावें, परंतु भिंतीस अगदीं चिकटून नव्हे.

जे उपदेशक व पाळक मंडळींच्या घरीं बसतात-उठतात, त्यांस घर बांधणारे लोक अनेकदां सल्ला विचारतात. बहुधा मुहूर्ताच्या प्रार्थनेचा दिवस ठरविण्यापुरताच. त्यांनीं त्याच भेटींत आणखी थोडें करावें. पाया खोदण्यापूर्वीं जमिनीवर फक्की मारली म्हणजे त्या रेघांच्या आंत घरांतील बाजा आणून टाकावयास सांगावें, कणगी जेथें राहणार तेथें टोपली ठेवावी, मुलाचें दप्तर जेथें राहणार तेथें दप्तर ठेवावें, म्हातारीस रात्रीं उठून बाहेर जावयाची वाट चालून पाहावयास सांगावी. सर्वांची सोय लागून जी जागा रिकामी उरेल ती कशासाठीं, हें मोकळेपणानें विचारावें. आणि ह्या वेळीं घरधन्याबरोबर घरधनिणीस पुढें बोलवावें. कारण झाडणें, सारवणें, पाणी भरणें तिच्याकडे आहे, आणि चूल कोणत्या भिंतीशीं असली म्हणजे धूर मुलांच्या डोळ्यांत जाणार नाहीं, हें तिच्याशिवाय दुसऱ्या कोणास सांगतां येणार नाहीं.